कितलं?

रात्री अकराला मी पायऱ्या उतरतो,
एका हातात बॅटरी, दुसऱ्यात वही,
वहीला प्लास्टिकची पिशवी.
सारंगखेड्याच्या पुलाखाली तापीत
पांढऱ्या पट्ट्या रोवल्यात, काळ्या आकड्यांच्या.
लाट आकड्यावर चढते, उतरते.
खरा आकडा दोन लाटांच्या मधला.
तो वाचायला मला एकवीस वर्षं लागली
आणि साहेबाला एक सही.

वरून फोन येतो, बऱ्हाणपूरचा :
'इतना छोड रहे हैं, वळवीजी. आपके यहाँ कितना?'
खालून येतो, उकईकडचा, जयंतीभाईचा :
'केटलुं?'
घाटावर म्हशी धुणारा धुडकू
मान न वळवता विचारतो :
'कितलं?'

एकच शब्द,
गोट्यासारखा घरंगळत, कडा झिजवत
खाली गेलेला.

दत्तजयंतीला इथे घोडे येतात.
मारवाडचे, काठेवाडचे, कुठकुठचे.
पाण्यात तोंड घालण्याआधी
एकही घोडा विचारत नाही
हे कुणाच्या वाट्याचं.

पांझरेकाठी माझ्या मामाच्या गावी फड होते.
पाटकरी दगा मालचे,
ज्याच्या नावावर अख्ख्या थळात बिघाभर रान नव्हतं.
म्हणूनच तो पाटकरी.
ज्याचं रान वाळत नाही त्याने मोजावं,
असं मामा म्हणायचा.
पाणी आटलं की सगळ्यांचंच आटायचं,
वरच्याचं अर्धं, तर टोकाच्याचंही अर्धंच.
एका वर्षी बंधाऱ्यालगतच्या पाटलाने
रात्रीतून चारी फोडली.
दगा भांडला नाही.
सकाळी फडातल्या सगळ्यांना बोलावून
त्या ओल्या मातीवर नुसता बसून राहिला.
ऊन डोक्यावर आलं.
पाटलाने स्वतःच फावडं आणलं.

आमची तापी फडापेक्षा फार लांब.
दगा कुठे कुठे बसेल?

भादव्यात जयंतीभाईचा आवाज चढतो :
जरा धरी राखो ने, सुरत सूतेलुं छे.
मी काय धरणार?
दरवाजाची किल्ली दुसऱ्याकडे,
हुकूम तिसऱ्याचा,
माझ्याकडे फक्त आकडा.
पण आकडा वेळेत पोचला
तर कुणाचं तरी पीठ माळ्यावर चढतं,
कुणाची तरी म्हातारी शेजारच्या गच्चीवर.
एवढंच. चहा गार होतो.

वैशाखात उलटं.
पट्टीचे खालचे आकडे ऊन खात पडतात
आणि फोन मीच लावतो.
तुझ्या जलाशयात केटलुं, जयंतीभाई?
ह्या प्रश्नाला सरकारी वहीत रकाना नाही.

नवापूरकडचं एक गाव त्या पाण्याखाली आहे,
मोगराच्या आईचं.
पाणी फार उतरलं की आधी विहिरीचं तोंड निघतं,
मग गावदेवाचा दगड, गाळ चढलेला.
खालची शहरं टँकर मोजायला लागतात
तेव्हा आम्ही काळीपिवळीत बसून
माहेरी जातो.

म्हणून उन्हाळ्यात दारात उभी राहून मोगरा विचारते,
'कितलं?'
आणि मला कळतं तिला कुठला आकडा हवाय.
जयंतीभाईलाही कळतं.
तीन वर्षांमागे त्यानेच सांगितलं :
'देखायो, वळवीभाई. कूवो देखायो.'
मग गप्प झाला.
त्याच्या घरी तेव्हा नळ चौथ्या दिवशी येत होता.

आम्ही गेलो.
भेगाळलेल्या गाळावरून चपला हातात घेऊन.
मोगराने नारळ फोडला,
अर्धं पाणी देवाच्या दगडावर ओतलं,
उरलेलं वाटीत धरून
पार काठापर्यंत चालत गेली, जिथे जलाशय मागे सरकला होता,
आणि त्यात सोडलं.
'हाई तुम्हना फोनवालासाठे.'

त्या रात्री पायऱ्या उतरायला मला उशीर झाला.
सव्वाअकरा वाजले होते.
वहीत अकराच लिहिलं.