माया

मापांची वही लांबट, जाड पुठ्ठ्याची.
डावीकडे छाती, कंबर, दंड, बाहीची उंची,
उजवीकडे उरलेल्या जागेत
पुस्तकं.

कसं सुरू झालं ते नीटसं सांगता येणार नाही.
टेप अंगाभोवती फिरत असली
की बाई गप्प उभी राहत नाही,
आणि आमच्या वडगावात मागांच्या खडखडाटात
बोलायचं तर मोठ्यानंच.
हलगेकर बाई पाठमोऱ्या ओरडल्या,
"वाचतीस काय गे काही? ते विहिरीचं वाच.
नाव काय की. निळं कव्हर, कोपरा उंदरानं खाल्लेला."
मी लिहिलं :
पाठ साडेचौदा. विहीर. निळं. उंदीर.

वाचनालयात परशरामनं वही उलटीसुलटी करून बघितली
आणि दोन मिनिटांत पुस्तक काढून दिलं.
पाठ साडेचौदा कुणाची, ते मात्र विचारलं नाही.

सगळीच बसली असं नाही.
पाटणेकरांच्या सुनेनं सांगितलेलं ते जाडजूड,
"आयुष्य बदलतं हो" म्हणून,
काखेत काचलं. चाळिसाव्या पानावरून परत.
तिला विचारलं तर तिनंही वाचलेलं नव्हतं,
नवऱ्याच्या साहेबांनी वाचलं होतं.
तेव्हापासून आधी विचारते,
कापड घरचंच ना?

फिलू नर्स रात्रपाळी उतरून येते,
डोळे तांबडे, हातात एक खून.
"शेवटचं पान आधी बघशील तर बोलणार नाही."
तिचं एक माप माझ्याशी जुळत नाही,
खरं तिनं सांगितलेलं प्रत्येक
माझ्या अंगावर बेतल्यासारखं.
आणि माझी सख्खी बहीण,
एकाच पोलक्यात वाढलो आम्ही दोघी,
तिला आवडलेलं मला पानभरसुद्धा सोसत नाही.

मग महानंदा कडोली, कन्नड शाळेतली.
पिशवीतून पुस्तक काढून मशीनवर ठेवलं,
"ओद्री, छलो ऐती."
माझं कन्नड बाजारापुरतं.
वाचायचं म्हणजे बसच्या पाटीपुरतं,
गोकाक, हुक्केरी, खानापूर,
पुढे सगळी अक्षरं गोल गोल,
काजं न केलेल्या कापडावर सांडलेली बटणं.
तर तीच सांगायला लागली.
कापड टाकताना त्यातल्या बाईचं लग्न झालं,
ट्रायलला सासरा आंधळा झाला,
हुक लावायच्या दिवशी ती
पहाटे पेटी घेऊन उंबऱ्यापाशी उभी.
मी बाही मुद्दाम अर्धा इंच घट्ट ठेवली,
म्हणजे परत यावं लागेल.

आली. खरं बदलीची ऑर्डर घेऊन आली, अथणीला.
बाही सैल करून दिली, पैसे घेतले नाहीत.
पुस्तक तिनं नेलं नाही,
मीही आठवण केली नाही.

आता दुपारी, वीज गेली की मागही थांबतात,
तेव्हा बोट ठेवून वाचते.
दिवसाला चार ओळी, कधी दोन.
अडलं तर समोरच्या घरातल्या
पाचवीतल्या सावक्काला हाक मारते,
ती ऐटीत येते, चूक झाली तर कपाळावर हात मारून घेते.
सात महिने झाले,
ती बाई अजून उंबऱ्यापाशीच आहे, पेटी घेऊन.
मला घाई नाही. तिला असेल.

काल एक मुलगी आली, कॉलेजातली,
पहिल्यांदाच स्वतःच्या पैशानं काही शिवणारी.
कोऱ्या रकान्याकडे बघून विचारलं, हे काय?
उत्तर देण्याआधी लिहून घेतलं :
छाती बत्तीस. वाढेल. आत माया जास्त सोडणे.
मग म्हटलं, विहिरीचं एक आहे, ते वाच.
नाव मला आता तोंडपाठ आहे,
तरी सांगितलं नाही.
"निळं होतं," म्हटलं,
"आता परशरामनं खाकी कव्हर घातलंय.
कोपरा चाचपून बघ."