लागलंय

जानेवारीतल्या धुक्यात किल्लाच दिसत नव्हता,
तर फालका बाजारातून निघालेला टेम्पो
कॅज्युअल्टीच्या दारात कसा पोचला, देव जाणे.
भाऊ म्हणाला, पडला. जिन्यावरून.
काखेत त्याच्या गजकचा डबा,
कुणासाठी घेतलेला, तेही विसरलेला.

चादर उचलली.
जिना नव्हता.

रजिस्टरात 'दुखापत' लिहून मी थांबले.
बावीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढली,
तरी त्या अवयवाला माझ्या भाषेत
एक तर शिवी आहे, नाहीतर पोथी.
मधलं, रोज वापरायचं, काही नाही.
'त्या जागी' म्हणतो आम्ही,
जणू तिथं कुणी राहतच नाही.

कुशवाह सर साडेचार तास वाकून होते.
नसा केसाएवढ्या, टाके त्याहून बारीक.
एकदाच बोलले : घाम पुसा.
बाहेर ज्युनियर पोरं हळूच हसली,
सरांनी मास्क उतरवला, नुसतं पाहिलं.
मग कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी भदौरिया मॅडम.
खुर्ची नको म्हणाल्या, स्टूल ओढलं,
त्याच्या उशीच्या उंचीला आल्या.
का केलंस, हे विचारलंच नाही.
झोप कधीपासून नाही?
आवाज आत्ताही येतोय?
जसं विचारावं कुणी,
मोरीतला नळ अजून गळतोय का.

तो मराठीत बोलला, भिंतीकडं बघत :
आठ महिने. म्हणतो, हे घाण आहे, काढून टाक.
मॅडम माझ्याकडं वळल्या.
साधा शब्द. 'घाण'.
हिंदीत सांगायला जीभच उचलेना.
हात काढ तिथला, घाण!
माझ्याच पोराला मी म्हटलंय,
अंघोळीच्या पाटावर, कितीदा.
आवाज आजाराचा, हे शिकलेय मी, ठाऊक आहे.
पण शब्द?
शब्द त्याला कुणी पुरवले?

सांगितलं शेवटी. त्यांनी लिहून घेतलं,
गोळी रात्रीची ठरवली,
कुणीतरी जागं राहील जवळ, असंही.

संध्याकाळी ड्रेसिंगला गेले तर म्हणाला,
बघू नका.
म्हटलं, लागलंय तिथं बघावंच लागतं, बाबा.
पापणी मिटून पडून राहिला.
बँडेज सुटत आलं तेव्हा
दुखतंय, म्हणाला. पहिल्यांदाच.

कुठं?

इथं, म्हणाला.