अकरा खिळे

फ्रिजच्या मागे भिंतीवर अकरा खिळे आहेत.
वाकडे आहेत, कारण मी ठोकलेत.
तेव्हा यांची बदली राजापूरला होती.

दोनशे एक, नागवेकर, डोंबिवलीला.
तीनशे चार, काझी, कुवेतला. किल्लीला हिरवी लोकर.
एकशे दोनच्या किल्लीला काहीच नाही,
ती नुसती हाताला कळायची.

गणपतीत आणि मे महिन्यात बिल्डिंगला दिवे लागतात.
एरवी वर मी, खाली झेरॉक्सवाला आग्रे,
आणि मध्ये कुवारबावचा वारा.
मी खिडक्या उघडायची, वाळवी बघायची,
काझींच्या बेडरूममधल्या घड्याळाचा सेल बदलायची.
कुणी सांगितलं नव्हतं.
बंद घड्याळ बरं नाही वाटत
दुसऱ्याच्या घरात.

मग श्रावणात चारशे तीन.
बने आले, दार उघडलं, कपाट रिकामं.
दोन पाटल्या, एक गॅस सिलिंडर,
आणि सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ.

हवालदार गुरव चपला बाहेर काढून आत आले. सभ्य माणूस.
चहा घेतला. लिहिलं:
कुलूप शाबूत. कडी-कोयंडा शाबूत.
मग पेन थांबलं.
"बाई, या किती वर्षं तुमच्याकडे?"
मी वर्षं सांगितली.
त्यांनी एवढंच विचारलं, खरंच एवढंच.
पण दारात बने उभे होते,
ते माझ्या मनगटांकडे बघत होते.

चोर दिवाळीआधी मिळाला.
एसी बसवायला आलेला पोरगा, साबणावर ठसा घेतलेला.
घंगाळ परत आलं. पाटल्या वितळल्या होत्या.
बने मिठाई देऊन गेले, दारातूनच.

पण तोवर खिळे मोकळे झाले होते.
नागवेकरांनी भाच्याला पाठवलं.
भाटकर म्हणाले, आकड्यांचं लॉक बसवतोय काकू, गैरसमज नको.
काझींचा फोन आला, आवाज सारखा तुटत होता.
लोकर काढली नाही, तशीच दिली.

जिन्यात आता कॅमेरा आहे.
केर काढताना त्याच्याखालून जाते, पदर नीट करून.
पेपरात आलंय: शहरात घरफोड्या
गेल्या वर्षी एकतीस, यंदा एकोणीस.
आकडा खराच असणार.

काल रात्री दीडला नळाला पाणी आलं.
भाटकर रविवारी येऊन गेले, तेव्हा नव्हतं.
तीनशे तीनमध्ये तोटी उघडी राहिलीय.
बादलीत नाही, फरशीवर पडतंय,
आवाजावरून कळतं.
फोन लावला, दोनदा.
दारावर निळा ठिपका लुकलुकत राहिला.

कॅमेऱ्यात दिसत असेन:
रात्रीचे पावणेदोन, हातात पोतेरं,
परक्या दाराला कान लावून उभी.
उद्या कुणी बघितलं तर म्हणेल,
ही बाई एवढं ऐकते तरी काय.