उभ्या गाडीचा रोग

शार्जा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
दुपारच्या सुट्टीत शटर अर्धं ओढून
पिशवी उघडली.
शिरोळहून आलेली: शेंगदाण्याची चटणी, आईची औषधाची चिठ्ठी,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली
वीतभर पेट्रोलची नळी.

माझ्याच मोटरसायकलची.
पहिल्या दिरहमांतून घेतली,
सगळ्या सुट्ट्या धरून चाळीस दिवस चालवली असेन.
कागदावर भावाचं अक्षर:
बघ, आपल्या उसानं काय केलं.

नळी फुगलेली.
तासभर धुण्यात राहिलेल्या बोटासारखी.
दाबली तर दबते,
परत येत नाही.

गुलजमीननं वास घेतला.
स्वातचा तो, इंजिनांत तीस वर्षं.
‘दारू,’ म्हणाला, आणि आधी मागं वळून बघितलं,
कारण या शहरात हा शब्द हळूच बोलतात.

मला हसू आलं.
आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा नाही,
आणि गाळल्याशिवाय पाणी न पिणारा माझा मेहुणा धनपाल
साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट सांभाळतो.

त्याला फोन लावला, पान्यांच्या शेजारी ठेवला.
‘रबर जुनं तुझं. इंधनाला कशाला नावं ठेवतोस?
मळीला कोण विचारत होतं रे?
आता टँकर रांगेत उभे असतात.
आप्पांचं बिल यंदा वेळेत आलं, विचार त्यांना.’
‘आणि ॲव्हरेज?’
‘पडतं थोडं.’
‘थोडं म्हणजे?’
‘थोडं म्हणजे थोडं! तू तिथं तेलाच्या विहिरीवर बसून
आम्हाला हिशेब शिकवू नको.’

विहीर.
अकरा वर्षांत एकही पाहिली नाही.
माझ्या वाट्याला ड्रेन प्लग,
आणि जुम्म्यालाही स्वच्छ न होणारी नखं.

गुलजमीन उठला.
चहाच्या काचेच्या पेल्यात पेट्रोल घेतलं,
त्यात सफाईचं स्पिरिट.
दोन्ही एक झाली, सांधा दिसेना.
मग एसीखालच्या डब्यातलं पाणी,
खाडीवरची हवा पिळून निघालेलं,
चमच्यानं, जरा जरा.
पेला गढुळला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
तळाशी हळूहळू वेगळा थर बसला:
स्पिरिट पेट्रोलला सोडून पाण्याकडं गेलं होतं.

तेवढ्यात बाहुलेयन आला, आमचा सुपरवायझर,
वासानंच ओरडत. पेला बाहेर वाळूत ओतायला लावला.
वाळूनं भांडण न करता सगळं पिऊन टाकलं.

हात पुसत गुलजमीन म्हणाला,
‘रोज चालणाऱ्या गाडीला एवढं नाही होत.
हा उभ्या गाडीचा रोग आहे.’

फोन चालूच होता.
‘काय म्हणाला तो?’
‘म्हणाला, तुझं बरोबर आहे.’
‘आणि तुझं?’
‘माझंही.’
धनपालचा भोंगा झाला, तो गेला.

संध्याकाळी पठाणाच्या दुकानातून
फ्लोरो-रबरची नळी आणली, पंधरा दिरहम, वीतभर जास्तच कापून.
येत्या गुरुवारी जयसिंगपूरचा एकजण निघालाय.
चिठ्ठीत लिहिलं:
ही बसवा. टाकी पूर्ण भरून ठेवा, आत हवा राहू नये.
आणि आठवड्यातून एकदा तरी चालवा कुणीतरी.
लांब नको.
स्टँडपर्यंत.