डिक्कीतलं पाणी

माह्या गाडीच्या डिक्कीत दोन प्रकारचं पाणी राह्यते.
एक खोक्यातलं, सीलबंद,
झाकण फिरवलं का कटकन वाजणारं.
दुसरं आमच्या नळाचं,
रिकाम्या बाटल्यांत कुंदानं पहाटे भरून ठेवलेलं.
कोणाले कोणतं द्याचं
हे हाताले सांगावं लागत नाही.

सोनेगावच्या विमानतळावर पाटी धरून उभा असतो मी.
गोरा माणूस बाहेर आला
का कणा आपोआप सरळ होते.
बॅग अशी घेतो त्याच्या हातातून
जसं कोणाचं झोपलेलं लेकरू.
नाशिकचं कुटुंब उतरलं तं म्हणतो,
डिक्की उघडी आहे, ठेवा.

कन्हानच्या पुलाआधी एक संत्रेवाला बसते.
बेल्जमच्या योहानले त्यानं फोडी सोलून दिल्या,
फोटोत उभा राह्यला, दात दाखवले,
अन् डझनाचे तीनशे लावले.
मी विचारलं तं ऐंशी,
तेही मान वर न करता.
तवापासून डोक्यात घोळून राह्यलं:
ज्याच्याजवळून भाव जास्त घ्याचा, त्यालेच भाव द्याचा,
अन् आपल्या माणसाले लावाचा रास्त भाव,
बाकी काही नाही.
आता लुटलं कोणाले म्हणावं, राजेहो?

जंगलाजवळच्या त्या रिसॉर्टात
अकरा वर्षं झाली पाव्हणे पोचवून राह्यलो.
मागच्या शेडातलं ड्रायव्हर लोकांचं पातळ वरण
मले तोंडपाठ आहे.
यंदा दिवाळीले मालकानं चिठ्ठी दिली, एका रात्रीची,
म्हणे, ओमदेव, बायकोले घेऊन ये.

कुंदानं नवीन लुगडं नाही, पंजाबी ड्रेस घातला.
मी शर्ट इस्त्रीचा.
गेटवर भैसारे होता, रोजचाच,
ज्याच्यासंगं मी तंबाखू मळतो.
गाडीत वाकून पाह्यलं त्यानं, मागच्या सीटवर,
मंग माह्याकडं:
"गेस्ट कुठी आहेत बे?"
"आम्हीच."
तो हसला. मी हसलो.
मंग त्याचं हसू थांबलं, चिठ्ठी वाचली त्यानं दोनदा,
अन् सवयीनं म्हणाला,
"गाडी मागून घे."
मीही सवयीनं
मागूनच घेतली.

डब्यातल्या पाटवड्या काउंटरवर ठेवून घेतल्या.
बाहेरचं चालत नाही म्हणे.
कुंदा खुर्चीच्या टोकावर बसली,
पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरून,
दवाखान्यात नंबर लागाची वाट पाह्यल्यासारखी.
तिकडं एक बाई आरतीचं ताट घेऊन आली,
आमच्या बाजूनं गेली,
अन् मागून आलेल्या दोन गोऱ्या म्हाताऱ्यांले टिळा लावला.

"आपल्याले नाही लावत का?"
"तो पाव्हण्यांले असते."
"मंग आपण कोण आहो?"

अकरा वर्षांत
कोणत्याच परदेशी माणसानं
इतका कठीण प्रश्न विचारला नव्हता मले.
मी पंख्याकडं पाह्यलं. फिरून राह्यला होता.

वाघ? नाही दिसला.
आमच्या जिप्सीचा गाइड मोबाइल पाहून राह्यला होता,
पुढच्या जिप्सीतला मात्र
एका एका पाखराचं नाव सांगे, इंग्रजीत.
तरी कुंदा म्हणाली, मोर होते. चांगले होते.

परत येताना झिरो माईलच्या सिग्नलवर
ते चार दगडी घोडे, ऊन, अन् नव्वद सेकंद.
तिले तहान लागली.
मी उतरलो, डिक्की उघडली,
खोक्यातली बाटली काढली,
अन् कटकन
माह्या हातानं तिच्यासाठी फोडली.

"अहो, विकतचं कायले?"
प्याली मात्र सगळं, थांबत थांबत,
वर पाहून, शहाण्या माणसासारखी चव घेत.
"आपल्या नळासारखंच तं लागते," म्हणाली.

मंग झाकण घट्ट लावलं,
रिकामी बाटली पर्समध्ये घातली.
नाशिकचे लोक येऊन राह्यले ना उद्या,
त्याइच्यासाठी भराले होईन.