ज्याच्यावर ठिपका नाही

तांबटांची जुनी साइट अशी होती:
पातेले, स्टील, दोन लिटर.
पातेले, स्टील, तीन लिटर.
पांढऱ्या पडद्यापुढे एकेक भांडं उभं
ओळखपरेडीतल्या संशयितासारखं.
लोक यायचे, बघायचे, जायचे.
सरासरी अकरा सेकंद.

पद्माकर तांबट म्हणाले, बर्तन बाजारात
माझा बाप गिऱ्हाइकाला आधी चहा पाजायचा,
मग विचारायचा, घरी माणसं किती?
लिटर नंतर.
तुमच्या त्या कॉम्प्युटरला हे विचारता येतं का?

मी वहीत लिहून घेतलं: घरी माणसं किती.
त्या एका ओळीवर आमचे तीन महिने गेले.

फळ्या काढून टाकल्या. त्या जागी
सकाळ ठेवली, डब्याची घाई ठेवली,
न सांगता आलेले पाहुणे ठेवले.
आधी भूक दिसू दे, मग भांडं,
असं मी मीटिंगमध्ये म्हणून गेले
आणि तांबटांनी ते दुकानातल्या पंख्याखाली
खडूने लिहून ठेवलं.

फोटोसाठी लोकमान्य नगरात कुंदा हिरव्यांकडे,
ज्या बत्तीस डबे पाठवतात रोज.
पहाटे सहा. उकळत्या पातेल्यावर पोह्यांची परात,
वाफेने तबरेजची लेन्स दोनदा आंधळी झाली.
शेव, बडीशेप, जिरावन.
सगळी भांडी आमची, कोरी, खोक्यातून काढलेली.
कुंदाताईंनी कढईवर नखाने टिचकी मारली,
म्हणाल्या, ही अजून बोलत नाही.
आमची नवी सांडशी हातात घेतली, ठेवली,
आणि आमची पाठ वळल्यावर
ओट्याखालून आपली काढली.
फ्रेममध्ये ती राहून गेली.
रिव्हेट निखळलेली, तिथे तार गुंडाळलेली.

मग चित्रावर ठिपके आले.
कढईवर ठिपका, बोट लावलं की सातशे चाळीस.
परातीवर, झाऱ्यावर, मिसळणाच्या डब्यावर.
ठिपक्यांची रांगोळीच की;
रेघा ज्याच्या त्याने ओढाव्यात.
तांबट मोबाइल जवळ धरून, लांब धरून बघत राहिले.
भिया, म्हणाले तबरेजला, वाफ कितीला रे?

महिन्याभराने नकाशा आला,
लोकांची बोटं जिथे जास्त टेकतात तिथे लाल.
कढई फिकट केशरी. परात त्याहून फिकट.
आणि ओट्याच्या कडेला, जिथे आमचा ठिपकाच नव्हता,
तिथे एक भाजल्यासारखा डाग.
देवासहून विचारणा, बऱ्हाणपूरहून,
ड्युसेलडॉर्फहून एका मुलाची:
त्या तारवाल्या सांडशीचं काय?

तांबट धंद्याचे. म्हणाले,
शंभर नग करून घेतो, तार गुंडाळून.
मी कुंदाताईंना विचारायला गेले.

नवरा वायरमन होता, त्या म्हणाल्या.
एकदा कढई निसटली, माझा पाय भाजला.
तो काही बोलला नाही.
रात्री बसून तार गुंडाळली, पक्कडीने पीळ दिला.
आणि आता?
आता खंडव्याला असतो. दुसरं घर आहे त्याला.
एवढं बोलून त्यांनी गरम तेलाची कढई उतरवली,
त्याच सांडशीने,
न बघता.

शंभर नगांची ऑर्डर मी टाकली नाही.
तांबटांना काय सांगितलं ते आठवत नाही;
त्यांनी चहा मागवला, एवढं आठवतं.

आता तिथेही एक ठिपका आहे, किंमत नसलेला.
बोट लावलं की उघडतं:
ही विकायची नाही. घरी माणसं किती?

त्या ठिपक्यावरून आजवर काही विकलं गेलेलं नाही.
लोक उत्तरं लिहितात.
तीन.
दोघं, शनिवारी पाच.
सासूबाई धरून चार, न धरता शांतता.
आणि परवा रात्री दोन वाजता कुणीतरी:
एक.
त्याच्याखाली, मिनिटभराने:
पण कढई मोठी दाखवा.