चौदा बोटं

काटोल रोडवर दुपारी सेहेचाळीस.
कूलरच्या ताट्यांना ओल्या खसाचा वास,
आणि खोलीच्या कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या बरणीत,
उणे एकशे शहाण्णव अंशांवर
पाखऱ्या उभा आहे.

उभा म्हणजे अकराशे बेचाळीस नळ्या,
खराट्याच्या काडीएवढ्या,
प्रत्येकीवर मुंगीच्या अक्षरात: गवळाऊ, सतरा.
मी इथला परिचर.
नायट्रोजन मोजायचा, कमी असेल तर ओतायचा,
वहीत लिहायचं, सही करायची.

उरकुडाजी नंदागवळी महिन्यातून एकदा येतात
कारंज्याहून, पहिल्या एसटीनं.
चपला दाराबाहेर काढतात.
त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

नोंदणीच्या वेळी साहेबांनी विचारलं होतं,
याची माय दूध किती द्यायची?
"चाल पुसा ना बाप्पा, चाल!
कोंबड्याले निघालो का कोंढाळीले चहा,
अन् दिवे लागाच्या आंधी सीताबर्डी.
गाडीत मानसं, पोते, वरून माह्यी सासू."

फॉर्मात चालीला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, पेन्सिलीनं.
पुढे फॉर्म संगणकावर गेला,
समास गेला नाही.

नातवाचा तान्ह्या पोळ्याचा बैल
निदान चाकांवर तरी चालते, म्हणतात ते.
लाकडाचा हाय, पन चालते.

मागच्या महिन्यात तीन नळ्या गेल्या नरखेडकडे.
दोन गायी उलटल्या.
तिसरीचा फोन यायचाय.

आज मी झाकण उचललं.
पांढरी वाफ काठावरून उतरली, जमिनीलगत पसरली
त्यांच्या अनवाणी पायांपर्यंत.
पौषातल्या पहाटे गोठ्याचं दार उघडल्यासारखी.
"थंडी वाजत असन काय बे त्याले?"
नाही वाजत, मी म्हणालो.
मला काय माहीत.

मग पट्टी आत सोडली, दहा मोजले,
बाहेर काढून हवेत हलवली.
खालून वर दव गोठत आलं
आणि एका रेघेवर थांबलं.
तिथवर तो आहे, तिथून वर नुसती हवा.

त्यांनी हात पुढे केला,
न टेकवता, पट्टीच्या बाजूनं,
बोटावर बोट ठेवत वर गेले,
वशिंडापर्यंत जावं तसे.

चौदा, म्हणाले.
मागच्या खेपेले पंधरा होते.

मी ओतायला घेतलं.
ते स्टुलावर बसून राहिले,
बरणीच्या खळखळीकडे कान देऊन.
परतीच्या एसटीला अजून दोन तास होते.